मिस्टर बाहेर बसतील

३ नोव्हें.
अक्काकडंच मुक्काम. दाजी म्हणाले, "मेव्हणं, बूड टेकवा की कुठंतरी." म्हणून पाटसला कारखान्यात काम बघायला निघालो. कासुर्डीपाशी मेंढरं बसवलेली दिसली, त्या लोकांत बसलो ते ऊन उतरेपर्यंत. काम राहिलं.
परत आलो तर अक्का ओट्यावर नोटीस घेऊन बसलेली. सदस्यांनी तिच्यावर अविश्वास ठराव टाकलाय. आधीपण बाया सरपंच झाल्या गावात, पण खुर्चीत नवरे बसायचे. स्वतः बसणारी अक्का पहिलीच. आन् पहिल्याच सभेत म्हणाली, "फक्त सदस्य आत. बायांचे मिस्टर बाहेर बसतील." तेच मुळावर आलं.

६ नोव्हें.
सदस्यांना सहलीला नेलं. ठरावाआधी नेतातच, कुणी फुटू नये म्हणून. उपसरपंच आप्पांनी ट्रॅव्हलर केली, कोकणात. बघायला गेलो तर आत बाई एक न्हाई! तिन्ही बाया सदस्यांच्या सीटवर त्यांचे मिस्टर. सवयच ती. मीटिंगला नवरा, सहीला नवरा, तसा सहलीलापण नवराच. मतं राहिली गावात, चुलीपाशी.
अक्काला सांगितलं. किती दिवसांनी हसली. "येडे रं येडे! चल, गाडी काढ."

७ नोव्हें.
तिघींतल्या दोघींकडं काय जमलं न्हाई. एकीनं दार उघडलं न्हाई, दुसरी नुसती रडली. मग तिसरीकडं, सुमनवहिनींकडं. शेळीची धार काढत होत्या.
"ताई, तुमच्यामुळं तर हापिस आतनं बघितलं मी."
"मग हात वर करू नका," अक्का म्हणाली.
"बघू की."
मग नुसती धारच काढत राहिल्या. दूध यायचं थांबलं तरी.
वाटेत अक्का म्हणाली, एक जरी हात खाली राहिला तरी ठराव पडतोय. एकच.
मी त्या शेळीच्या करडाचा विचार करत होतो, कसलं चिकणं होतं.

१० नोव्हें.
ठराव झाला. तहसीलदार साहेबांनी नियम काढला, सदस्य सोडून सगळे बाहेर. म्हंजी अक्का म्हणत होती तेच. दाजी बाहेर, मी बाहेर, मिस्टर मंडळीपण बाहेर, समुद्रावरनं रापून आलेली. मग ती खिडकीला चिकटली. सुमनवहिनींच्या मिस्टरांनी गज धरला आन् नुसतं खोकले.
तिन्ही हात वर. सुमनवहिनींचा सगळ्यात शेवटी. खांद्याएवढाच, पण धरला मोजून.
गुलाल, हलगी. कोण तरी दाजींना म्हणालं, "या की, माजी सरपंच!" दाजी म्हणाले, "मी आजी कवा होतो?" कोण हसलं न्हाई.
अजून ग्रामसभा हाय. अक्काला लोकांनी थेट निवडून दिली म्हणून ठराव पक्का करायला लोकांनीपण मत द्यायचं, चिठ्ठीवर. पण आज हलगीपुढं नाचली ती हीच माणसं.

१२ नोव्हें.
अक्का धड जेवत न्हाई. आईचा कवठे येमाईवरनं फोन, "तिला म्हणावं, सोड आता ते." सांगितलं न्हाई मी. पाटसचा ट्रकवाला क्लीनर शोधतोय. जाईन म्हणतो. बघवत न्हाई इथं.

१५ नोव्हें.
पिशवी भरली. दारात सुमनवहिनी, किटली घेऊन. अक्का लवकर बाहेर येईना. आली तशा वहिनी म्हणाल्या,
"ताई, ग्रामसभेला मत झाकून टाकायचं असतंय का?"
"व्हय."
"शाळेतच का?"
"व्हय. शाळेतच."
"तिथंपण खिडकी हाय."
 अक्का म्हणाली, "पडदा लावायला लावते मी."
वहिनी दूध ओतून गेल्या. हो म्हणाल्या न्हाईत, न्हाई म्हणाल्या न्हाईत. एका चिठ्ठीनं गाव फिरत न्हाई, एवढं मलापण कळतंय. अक्कालापण कळत असणार. तरी पेटीतनं जुनी चादर काढून हातानं मापतीया.
"दोरी बघ रं कुठं हाय."
ट्रक चौकात हॉर्न मारतोय. दोरी कुठं ठेवलीय काय म्हाईत.