आपल्या व्हीसीआरमधील पाणी आमच्या टीव्हीवर दिसल्याबाबत

दिनांक : ११ मे १९८७

प्रति,
मा. पाणीवाटप अधिकारी साहेब,
टंचाई उपकार्यालय, पश्चिम विभाग,
औरंगाबाद.

अर्जदार : आदिनाथ पुंडलिक वाघमोडे, सचिव, सुखदा गृहनिर्माण संस्था, वाळूज रस्ता.

विषय : आपल्या घरचा व्हीसीआर टीव्हीला चुकीचा जोडला गेल्याने उद्भवलेली परिस्थिती, त्यावरून बंद केलेला टँकर, व माफीनामा लिहून देण्यास नकार.

संदर्भ : आपली नोटीस. तिच्यावर जावक क्रमांक आहे, तारीख नाही.

महोदय,

१. दूरदर्शनवर जे दिसते ते शासनाचे अधिकृत म्हणणे असते व त्यावर विश्वास ठेवणे हे नागरिकाचे पहिले कर्तव्य आहे, असे मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवताना वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. विद्यार्थ्यांनी त्यावर कधी विश्वास ठेवला नाही. खरे सांगायचे तर मीही ठेवला नव्हता. ठेवला तो एकट्या मुंजाबांनी. हे आमचे शेजारी. पिशोरकडे जन्मभर मेंढरे राखली आणि आता मुलाला वाळूजच्या कारखान्यात नोकरी लागल्यामुळे आमच्या वसाहतीत राहतात. प्रस्तुत प्रकरण त्यांच्या या विश्वासातून उद्भवले आहे.

२. आपला बंगला आमच्या वसाहतीच्या मागच्या भिंतीला लागून आहे. गेल्या महिन्यात आपण व्हीसीआर घेतलात. अभिनंदन करायचे राहून गेले होते, ते येथे करतो. तो जोडून देण्यासाठी दुकानातला फकिरा आला असता, "मी इंजिनिअर आहे, तू मला वायर शिकवतोस?" असे म्हणून आपण त्याला नुसत्या चहावर वाटेला लावलेत. नंतर आपण व्हीसीआरची, टीव्हीची आणि गच्चीवरच्या अँटेनाची अशा तिन्ही वायरी एकत्र पिळून वरून चिकटपट्टी गुंडाळली. चित्र थरथरते म्हणून वहिनीसाहेबांनी फकिराला पुन्हा बोलावले, तेव्हा त्याने हे पाहिले. हात लावायची परवानगी नसल्याने तो तसाच परतला. या जोडणीचा परिणाम असा झाला की व्हीसीआरमधले चित्र आपल्या टीव्हीवर तर गेलेच, पण अँटेनाच्या वायरीने गच्चीवरही चढले आणि तेथल्या, चित्राला जोर देणाऱ्या बूस्टरमुळे आमच्या वसाहतीच्या सगळ्या अँटेनांवर येऊन उतरले. आपल्या खात्याकडून वसाहतीला विनाखंड मिळालेली ही पहिली गोष्ट होय.

३. घटनेच्या दिवशी संध्याकाळी शेतीविषयक कार्यक्रम चालू होता. तज्ज्ञ कोरडवाहू ज्वारीवर बोलत असतानाच चित्राला मुंग्या आल्या, तज्ज्ञ पुसट झाले आणि त्यांच्या जागी हातात नारळ घेतलेले आपण दिसू लागलात. अंगावर सफारी होती. मागे सनई वाजत होती. आपल्या अंगणातल्या बोअरला हळदकुंकू वाहिले गेले, आपण नारळ फोडलात आणि लिंबाच्या झाडाएवढे पाणी वर उसळले. शूटिंगवाल्याचा आवाज सर्वांनी स्वच्छ ऐकला : "साहेब, माझ्याकडं नका बगू, पाण्याकडं बगा. हां, आता हसा."

आपण हसलात. आमच्या संस्थेने सामायिक बोअरसाठी केलेला अर्ज आपण याच उन्हाळ्यात "या परिसरात भूगर्भात पाणी नाही" असा शेरा मारून परत केला होता. त्या परिसराच्या आणि आपल्या परिसराच्या मध्ये एक नऊ इंची भिंत आहे.

मुंजाबा म्हणाले, "उठा, हंडे घ्या. पाणी वाटायलेत."

त्यांच्या पत्नी भागूबाई म्हणाल्या, "अन् नसंल वाटत तर?"

"टीव्हीत दाखवायलेत की! साहेब सोताच्या हातानं नारळ फोडायला, अन् पाणी नसंल व्हय? तो सरकारचा डबा हाय. सरकार जाहीर करतंय अन् तू घरात बसून ऱ्हाय."

४. त्यानंतर महिला आपल्या फाटकाशी आल्या. नोटिशीत आपण यास "पूर्वनियोजित हंडा मोर्चा" असे म्हटले आहे. मोर्चा म्हटला की घोषणा आल्या. त्या संध्याकाळी "ओळीत उभ्या ऱ्हावा गं, ढकलू नका" एवढीच एक घोषणा झाली आणि ती आमच्या वसाहतीतल्या सरूबाईंनी स्वतःच्याच लोकांविरुद्ध दिली. मी स्वतः तेथे हजर होतो, कारण आमच्या घरातही पाणी नव्हते.

आपण बाहेर येऊन विचारलेत, "कोणी सांगितलं इथं पाणी आहे म्हणून?"

भागूबाई म्हणाल्या, "तुम्हीच की. आत्ता टीव्हीत."

आपण म्हणालात, "टीव्हीत बघितलंत ना? मग टीव्हीतूनच भरा!"

त्यावर सरूबाई म्हणाल्या, "भरतो की, साहेब. तोटी कुठशीक हाय तेवढं दावा."

यावर सर्व जण हसले हे खरे आहे. त्यात आपल्या फाटकावरचा शिपाईही होता, याची आपणही नोंद घेतलेली दिसते. तो दुसऱ्या दिवसापासून फाटकावर नाही.

५. दुसऱ्याच दिवशी आमचा टँकर बंद झाला आणि नोटीस आली. संस्थेच्या सभासदांनी आपल्या खासगी आयुष्यात डोकावल्याचा आरोप तीत आहे. महोदय, आम्ही डोकावलो नाही. आपणच आमच्या घरात आलात, तेही ऐन दिवेलागणीला, आणि आम्ही कोणीही आपणास जा म्हटले नाही. यापेक्षा अधिक पाहुणचार टंचाईच्या काळात होणे अवघड आहे.

उपाय म्हणून वसाहतीतील प्रत्येकाने आपला अँटेना उतरवावा, असे आपण फर्मावले आहे. आम्ही अँटेना उतरवणार नाही. उद्या आपण गच्चीवर उभे राहून मोठ्याने बोलू लागलात तर आम्ही कान कापून ठेवावेत काय, एवढाच प्रश्न सभेत विचारला गेला. तो येथे सादर करतो.

दरम्यान आपल्याकडे पाहुणे आले की ती कॅसेट पुन्हा लागते व आम्हालाही दिसते. परवा आपण ती चालू असतानाच मागे फिरवलीत. त्यामुळे उसळलेले पाणी सगळ्यांच्या देखत गोळा होऊन सरसर बोअरमध्ये परत गेले, नारळही जुळला. मुंजाबांनी कपाळावर हात मारला. "बगा, आलेलं पाणी साहेबानं माघारी जिमिनीत घातलं. कुणाला द्यायची नियतच नाय." कॅसेट मागे फिरवणे म्हणजे काय हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांना ते पटले नाही. आपल्या कार्यालयाशी माझा जो अनुभव आहे, तो पाहता मलाही त्यांचेच म्हणणे अधिक पटले.

६. नोटिशीसोबत आपण माफीनाम्याचा तयार मसुदा पाठवला आहे आणि त्यावर संस्थेची सही व शिक्का आल्यावर टँकर सोडला जाईल असे कळवले आहे. संस्थेच्या वतीने स्पष्टपणे कळवतो की सही मिळणार नाही. शिक्का माझ्याकडे असतो, तोही मिळणार नाही.

टँकर बंद झाल्यापासून वाळूजला पाळीवर जाणारी आमची माणसे घरी येताना कारखान्यातून जेवणाच्या रिकाम्या डब्यात पाणी भरून आणतात. बस खड्ड्यात आदळली की अर्धे मांडीवर सांडते. भागूबाईंची सून बाळंतीण आहे. तिच्या तान्ह्या मुलीची अंघोळ अशा दोन डब्यांत होते आणि पाण्याला भाजीचा वास येतो. हे मी आपली दया यावी म्हणून लिहीत नाही. आम्ही किती दिवस काढू शकतो याचा अंदाज आपणास यावा म्हणून लिहितो.

७. तरी आमचा टँकर पाळीप्रमाणे, विनाअट, ताबडतोब सुरू करावा. तो आपण बक्षीस म्हणून देत नव्हता, त्यामुळे शिक्षा म्हणून काढून घेण्याचाही आपणास अधिकार नाही.

व्हीसीआरबाबत : अँटेनाची वायर व्हीसीआरच्या मागच्या एका भोकात घालावी. दुसऱ्या भोकातून निघालेली वायर टीव्हीत घालावी. चिकटपट्टी लागत नाही. फकिरा हे काम करून द्यायला तयार आहे. पण टँकर आल्याशिवाय आम्ही त्याला आमच्या बोळातून जाऊ देणार नाही, आणि आपल्या बंगल्याला दुसरा रस्ता अजून झालेला नाही.

येत्या आठवड्यात टंचाईची पाहणी करणारे पथक आमच्या वसाहतीत यावयाचे आहे. त्यांना चहा देण्याइतकेही पाणी आमच्याकडे नाही. सबब अंगणात सतरंजी टाकून, संध्याकाळच्या वेळी, त्यांच्यासाठी टीव्ही लावून ठेवावा असे सभेत एकमताने ठरले आहे. आपण त्या दिवशी घरी पाहुणे बोलवावेत की नाही, हा सर्वस्वी आपला खासगी प्रश्न आहे आणि त्यात आम्ही डोकावणार नाही.

कळावे. लोभ नसला तरी चालेल, टँकर असावा.

आपला भिंतीपलीकडचा,
(सही)
आदिनाथ पुंडलिक वाघमोडे
सचिव, सुखदा गृहनिर्माण संस्था

सोबत :
(१) आपल्या नोटिशीची प्रत
(२) माफीनाम्याचा मसुदा, सही-शिक्क्याविना, साभार परत
(३) मुंजाबांचा अंगठा असलेले निवेदन, की त्यांनी जे पाहिले ते सरकारी डब्यात पाहिले

ता. क. : महिलांनी आपल्या बोअरचे पाणी बळजबरीने नेले व त्याची भरपाई संस्थेकडून वसूल केली जाईल, या आरोपाचे उत्तर वर लिहायचे राहिले. आपण रागाने आत निघून गेल्यावर वहिनीसाहेब मागच्या दाराने बाहेर आल्या आणि "बाया रिकामे हंडे घेऊन आल्यात" म्हणून त्यांनीच मोटर चालू केली. सरूबाईंनी पाइपाखाली हंडा धरला. मोटर बराच वेळ चालली. आधी हवा आली, मग थोडा फुफाटा आला, मग पुन्हा हवा आली. तेव्हा वहिनीसाहेबांनी सांगितले की शूटिंगच्या दिवशी बोअरमध्ये टँकर ओतून कंप्रेसरने पाणी वर उडवले होते; त्यातले थोडे तरी खाली उरले असेल असे त्यांना वाटले होते. टँकरचालक सांडू यांना विचारले असता, तो टँकर आमच्या पाळीचा होता असे ते म्हणाले. सगळे हंडे रिकामे परत आले. आपला बोअर कोरडा आहे.