आणखी एक वर्ष

१८ मे, सोमवार. भोर.

आज आम्ही मायलेकी नैरोबीहून परतलो. बॅगा तशाच पडल्यात आणि माझा राग काही उतरत नाही.

आई-बाबा गेली दोन वर्षं तिथल्या चर्चच्या मिशनमध्ये सेवा करतायत. फोनवर आई सांगायची, "हितं लई काम न्हाई गं." प्रत्यक्षात ती रोज चाळीस माणसांच्या स्वयंपाकाला उभी. गुडघा नारळाएवढा सुजलेला. माझी मुलगी म्हणाली, "आजी, आमच्याबरोबर चल ना." आई हसली, "तुज्या आजोबास्नी इचार."

मीच विचारलं. बाबा म्हणाले, "उपासना झाल्यावर बोलू."

काल उपासनेत ते साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा अनुभव सांगायला, उठले आणि सगळ्या मंडळीसमोर म्हणाले, "प्रभूनं आमा दोघांना हितल्या सेवेला आणखी एक वर्ष दिलंय." दोघांना? त्या गुडघ्याला कुणी विचारलं? मंडळी म्हणाली, "आमेन." आणि मीही म्हणाले. लहानपणापासूनची सवय, तोंडातून निघूनच गेलं. बाबांनी माझ्याकडे किती समाधानानं पाहिलं.

विमानात मुलगी म्हणाली, "मम्मी, आजी आमेन नाही म्हणाली. मी शेजारीच होते."

उद्या बाबांना फोन करणार. माझं आमेन मी परत घेतेय, एवढंच सांगायचंय.