रिव्हर्सने चढलेली वरात

आबा, काल तुमचा नातू नवी जीप घेऊन आला. मला बाजारातून वर सड्याच्या माळावर, सासरच्या घरी आणताना आपल्या घाटीच्या पायथ्याशी तो थांबला आणि गिअरच्या दांड्याशेजारचा दुसरा दांडा ओढून म्हणाला, "आता चारही चाकं ओढतील, आई." मी कान देऊन बसले होते. गिअर त्याने खालीच टाकला, मध्यावर हात लावला नाही. तुम्ही असतात तर एवढ्यासाठी त्याला पास केलं असतंत.

हे कान तुम्हीच तयार केलेले. बंदरावरच्या आपल्या घरामागचा चढ तुमची उतारूंची सर्व्हिस मोटार उतरायची, तेव्हा मी चुलीपुढे असायचे. इंजिन जड आवाजात बोलायला लागलं की तुम्ही वडापाशी पहिला गिअर घेतलात हे कळायचं, आणि मी भात उतरवायचे. त्या काळी जिल्ह्यात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. लोक अजून आगबोटीने नि बैलगाडीने जायचे. आणि मुलीला गिअर समजावणारा बाप तर दुसरा नसेलच. जेवताना तुमचा तोच विषय. "चढ दिसला की खालीच गिअर घ्यायचा गो, मध्यावर नाय. आणि ज्या गिअरात चढलो, त्याच गिअरात उतरायचं." एकदा तुम्ही पानावरच पाण्याची तोटीची झारी उचललीत आणि तोटी वर जाईल अशी मागे कलती केलीत. पाणी येईना. "पेट्रोलची टाकी माझ्या बुडाखाली, इंजिन पुढे. पेट्रोल आपलं आपण वाहत जातं, त्याला ढकलणारा कोण नाय. मोटारीचं नाक फार वर गेलं की इंजिन उपाशी. मग काय करशील?" मी म्हटलं, "मोटार फिरवीन. पाठीने चढवीन." तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "शाब्बास! रिव्हर्सात जोरही जास्त." आई म्हणाली, "पोरीला सासरी मोटार हाकायची आहे काय? ताक घ्या." पुढे लग्नात सगळ्या भांड्यांबरोबर ती झारी तुम्ही मला दिलीत.

शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहाच्या दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं. मुलीच्या बापाने वरातीबरोबर जायचं नसतं. पण सर्व्हिसच्या मालकाने वरातीसाठी दिलेल्या मोटारीला ड्रायव्हर दुसरा नव्हता, म्हणून जरीची टोपी घालून तुम्हीच स्टिअरिंगवर बसलात. शेजारी मामंजी, मागे हे आणि मी. घाटीच्या पायथ्याशी तुम्ही उतरलात, चढाकडे पाहिलंत आणि मोटार फिरवलीत. मामंजी कडाडले, "हे काय? नवरी पाठमोरी घरी न्यायची? परत जायची लक्षणं ही!" तुम्ही म्हणालात, "व्याहीबुवा, तोंडाने नेली तर अर्ध्यावर बंद पडेल नि मागे घसरेल. मग लक्षणं बघायला कोण उरायचं नाय." रिव्हर्समध्ये हाकणाऱ्याला मागे बघावं लागतं, आणि मागे मी होते. सगळा चढ तुमचा घामेजला चेहरा माझ्यासमोर, आणि तुमच्या खांद्यावरून खाली खाडी, बंदर, आपलं कौलारू छप्पर. सासरी जाताना दुसऱ्या मुली माहेराकडे पाठ करून जातात. मला ते शेवटच्या वळणापर्यंत दिसलं. आबा, मी तेव्हा रडले नाही, मला फार आनंद झाला होता.

मग सासरी सुरू झालं. दूध उतू गेलं, गाय आटली, की सासूबाई म्हणत, "उलटी आलेली सून, दुसरं काय व्हायचं!" पंधराव्या दिवशी आळीतल्या बायका जमल्या होत्या, त्यांच्यासमोर सासूबाईंनी मला विचारलं, "खरं सांग गो, तुझ्या वडिलांनी असं का केलं?" मला टाकी, इंजिन, झारी सगळं सांगता येत होतं. मी म्हटलं, "आबांचा गिअर चुकला. पुढचा पडेचना." बायका खो खो हसल्या. अपशकुन गेला, ड्रायव्हरची चूक राहिली, आणि मला त्या घरात सुखाने जेवता येऊ लागलं.

दिवाळीला तुम्ही आलात. फराळाचे पोहे पुढे ठेवून मामंजी म्हणाले, "काय व्याहीबुवा, मोटार खालीच? सूनबाई सांगत होती, त्या दिवशी तुमचा गिअर चुकला म्हणून." मी दाराआड उभी. गिअरवरून कोणी थट्टा केली तरी तुम्ही पानावरून उठणारे, हे मला माहीत होतं. तुम्ही दाराकडे एकदा पाहिलंत. "होय हो," म्हणालात, "चुकलाच माझा." आणि पोहे खाऊ लागलात. त्यानंतर गुडघे थकेपर्यंत दर वेळी तुम्ही घाटी पायी चढून आलात आणि त्याबद्दल मला एका शब्दाने विचारलं नाहीत.

काल अंगणात जीप थांबवून नातू हसला. "आजोबांना नाही जमली ना ही घाटी? त्यांचा गिअर पडला नव्हता म्हणे." हे त्याला मामंजींकडून आलेलं. या घरात तुमचं एवढंच नाव उरलंय आणि ते मी केलेलं आहे. झारी पडवीतच होती, पाण्याने भरलेली. ती मागे कलती करून त्याला दाखवायला दोन मिनिटं लागली असती. मी त्याला म्हटलं, "हात धू, चहा टाकते."