पेरेंट : थोरली

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

मुरबे मला दिलं! माझंच गाव. वाऱ्याचा इशारा आता प्रत्येक बोटीच्या यंत्रावर आणि तिच्या घरच्या फोनवर जाणार. आधीची सहा गावं ऑफिसातल्या हेमालीने केली, सातवं माझं.

हाताने काही उभं करायचं नसतं. टेम्प्लेटमध्ये लिहायचं, ते चालवलं की क्लाउडवर सगळं उभं राहतं. गावाची संदेशवाहिनी हे लेकरू. त्याची पेरेंट, म्हणजे आई-वाहिनी, कोण, ते एका ओळीत सांगायचं. नवी पेरेंट बनवायची नाही — जी आहे तिचं नुसतं नाव घ्यायचं. ती जिकडे पाठवेल तिकडे लेकराचे संदेश जातात. एवढी एक ओळ! पाचदा लिहिली, पाचदा खोडली.

पेरेंट दोन आहेत. एक खरी, एक फक्त चाचणीची. नावं ही यंत्रणा उभारणाऱ्या धीरज सरांनी ठेवलेली — थोरली आणि धाकटी.

मंगळवार, ११

चालवलं. एक संदेश पाठवून पाहिला. ऑफिसच्या फोनवर टिंग! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी सांगितलं तर आई म्हणते, "म्हंजे तुजा बाबा दर्यात असला तरी तू त्याला हाक मारशील?" मग लगेच कुडावरून शेजारच्या नर्मदाकाकूला — "आमची पोर आता वारा सांगनार!" काकू म्हणाली, "सांगू दे, पन आमच्या बोटीलाबी सांग हां."

बाबा आज पहाटेच गेलेत, तीन दिवसांसाठी. घरात शिकलेली मी पहिली. चुकले तर गाव विसरणार नाही.

बुधवार, १२

ऑफिसातच लिहितेय. 

दुपारी दोनला सातही गावांसाठी पहिलाच खरा इशारा. रात्री जोराचा वारा, सगळ्या बोटींनी परत फिरावं. ऑफिसचा फोन वाजला. मी आईला लावला — आला ना?

"काय नाय आलं गो."

नीट बघ.

"आंदली हाय का मी? नाय म्हंजे नाय."

 फाईल उघडली. पेरेंट : थोरली. बरोबरच तर आहे! थोरली म्हणजे मोठी, मोठी म्हणजे खरी!

धीरज सरांकडे गेले. म्हटलं, माझं काहीतरी चुकलंय आणि माझे बाबा समुद्रात आहेत. त्यांनी स्क्रीन पाहिली आणि उठूनच उभे राहिले. "अगं, थोरली चाचणीची! ती आधी बनली म्हणून थोरली. खरी मागाहून झाली, ती धाकटी!"

चाचणीचे संदेश फक्त ऑफिसच्या फोनवर येतात. काल आम्ही त्यालाच टाळ्या वाजवल्या.

शब्द बदलला, पुन्हा चालवलं, इशारा पुन्हा सोडला. तीन मिनिटं! मग आईचा फोन — "आला, आला!" बाबांच्या यंत्रावर पोचल्याची खूणही आली, दोन एकेचाळीसला. परत फिरले असतील. फिरले असतीलच.

बाकीची गावं? — मी विचारलं. सर म्हणाले, "ती हेमालीची. ती नाही चुकायची."

बुधवारच, साडेपाच

हेमाली आज रजेवर, दातिवऱ्याला. आत्ता कुठे तिचा फोन लागला. झालेलं सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "पण थोरली म्हणजे खरीच ना गं?"

सहा गावं. दोन वाजल्यापासून.