वजनाचा रकाना

तीर्थरूप दादास,

धाकटीचा नमस्कार. तुझा गुडघा आणि वहिनींचा खोकला दोन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करते. इकडे ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन सोमवारी नीट पार पडलं. एका डोळ्यावर पट्टी आहे, दुसऱ्याने आधीच बेताचं दिसतं, आणि पुढच्या बुधवारपर्यंत पलंग सोडायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. (हे ऐकून मला हायसं वाटलं. लाज वाटते, पण वाटलं. का ते पुढे वाच.)

येत्या गुरुवारी अकरा वाजता संग्रहालयाचे तज्ज्ञ येतायत. ह्यांनी तीस वर्षं जमवलेले तीनशे बारा उल्कापाषाण ते कॉम्प्युटरवरच्या यादीशी एकेक ताडून बघणार, आणि सगळं जुळलं तरच संग्रह नेणार. नाही जुळलं, तर आमच्यामागे हे दगड भंगारात जाणार. ह्यांचा सगळा जीव त्यात आहे. यादी सांभाळते मी. एका दगडाची एक ओळ: नंबर, कुठे पडला, कधी पडला, कुठल्या जातीचा, वजन, कितव्या खणात.

मंगळवारी मला अवदसा आठवली. सगळ्यात जड दगड कुठला, एवढंच बघायचं होतं. वजनाचा रकाना निवडून उतरत्या क्रमाने लावायला सांगितला. मशीनने बिचाऱ्याने विचारलंसुद्धा, की शेजारचे रकानेही सोबत हलवू का? म्हटलं, एवढ्याशा कामाला बाकीच्यांना कशाला उठवा, आणि 'नको' दाबलं. झालं! वजनं हलली, दगड जागच्या जागी. पहिल्या नंबरचा वाटाण्याएवढा खडा एकदम नऊ किलोचा झाला. हे माझ्या लक्षात आलं दुसऱ्या दिवशी. तोवर रोजच्या शिस्तीप्रमाणे मी जुन्या प्रतीवर नवी प्रत चढवून मोकळी झाले होते. कॉम्प्युटरवाला फोनवर म्हणतो, "काकू, बॅकअप घेतला होता ना?" घेतला होता रे बाबा, तोच तर नडला. ह्यांची हाताने लिहिलेली वही होती, ती गेल्या वर्षी मीच रद्दीत घातली. (आता कॉम्प्युटर आहे म्हणून!)

तेव्हापासून चोरासारखी दगडांची वजनं करतेय. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं, समोर पीठ मोजायचा काटा. आणि तो मेला काटा दर वजनाला पीं करतो. हे आतून विचारतात, "काय वाजतंय गं?" मी म्हणते, मायक्रोवेव्ह. काल म्हणाले, "आज एवढं दूध कोण पितंय?" म्हटलं, दही लावायचंय. नऊ किलोचा धोंडा त्या काट्यावर मावेना, म्हणून त्याला कडेवर घेऊन मी माणसांच्या काट्यावर उभी राहिले आणि माझं वजन वजा केलं. (ते इथे लिहीत नाही.)

आज शनिवार. दुपारपर्यंत तीनशे अकरा दगड झाले. एक वजन उरलंय, आठशे साठ ग्रॅम, आणि एक नंबर, एकशे सत्तेचाळीस. खणातली त्याची जागा रिकामी आहे. वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. तू निवृत्त झालास तेव्हा मी दिलेला तो काळा दगड, ज्याने वहिनी दार अडवून ठेवतात, त्याच्या तळाशी आकडा आहे. किंमत पुसायची राहिली, असं तू म्हणाला होतास. ती किंमत नव्हती. मी भेट आणायला विसरले होते, आणि वाटलं, एवढ्या दगडांत एक कोण मोजतंय! बुधवारच्या आत कुणाच्या तरी हाती पाठव. (धुऊ नकोस, गंजतो.) मी गुपचूप जागेवर ठेवीन.

ता. क. आणखी एक. गुपचूप नको. तेव्हा ह्यांनी दोन महिने तो दगड शोधला होता. सापडेना, तेव्हा स्वतःच कुठेतरी ठेवून विसरलो असं धरून चालले, आणि म्हणाले, "माझ्या डोक्याचा आता भरवसा नाही, यादी तू सांभाळ." मी चार वर्षं गप्प बसले. आत्ता पाकीट बंद करता करता उठले आणि वजनांसकट सगळं सांगून टाकलं. रागावतील वाटलं होतं. उशीला टेकून उठून बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी विसरलो नव्हतो?" तेच पुन्हा विचारलं, आणि पुन्हा. मी 'नव्हता विसरलात' म्हणतेय, पण चार दिवस माझ्या थापा ऐकल्यायत, त्यामुळे समजूत काढायला ही आणखी एक मारतेय असं त्यांना वाटतंय. तेव्हा दगड कुणाच्या हाती पाठवू नकोस, दादा. तू स्वतः घेऊन ये.