डाळिंबाच्या सालीचे मणी

६ जानेवारी
आजही सालं. ज्यूसवाल्या वाळूकाकांनी पिशवी भरून दिली — एवढ्या डाळिंबाच्या सालींचं करता काय, विचारत होते. सांगितलं: अर्क काढते, पातळ जेलमध्ये मिसळते, सिरिंजने थेंब थेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडते. थेंबाचा मणी होतो. मणी क्रीममध्ये घालायचे, म्हणजे त्यातून अर्क चेहऱ्यावर हळूहळू सुटेल. काका ‘बरं’ म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले. त्यांच्या जागी मीही दुसरं काय केलं असतं!

९ जानेवारी
लॅबमधली फेलोशिप मार्चपर्यंतच. सिन्नरच्या एका क्रीमच्या कंपनीने सरांना कळवलंय — मणी जमले तर मला नोकरीत घेतील. नाही जमले तर चांदवडला घरी, शिकवण्या घ्यायच्या. भीती वाटते. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

१३ जानेवारी
मण्यांमधून पिवळट पाणी येत होतं. मग तांदूळ धुतो तसे धुतले, पाणी नितळ होईपर्यंत. गढूळ पाण्यातला तांदूळ आईने कधी गॅसवर चढू दिला नाही — तीच सवय माझ्या हाताला लागलीय. शेवटी काय देखणे दिसले! निकिताने फोटो काढला. आम्ही दोघी एकाच टेबलावर काम करतो, पण तिचं काम वेगळं, कांद्याचं.

१९ जानेवारी
मणी पाण्यात ठेवून त्यांतून किती अर्क सुटतो ते दिवसभर मोजत बसले. अर्क जवळजवळ सुटलाच नाही. सर भलतेच खूश. ‘बघ, कसे धरून ठेवतायत,’ म्हणाले. नमुना लगेच सिन्नरला गेला. पेढे वाटले.

२४ जानेवारी
निकिताने सहज विचारलं, मुळात आत किती आहे ते मोजलंस का. नव्हतं मोजलं! मूठभर मणी विरघळवून पाहिले. आत काहीच नाही. धरून ठेवायला होतं काय? सगळा अर्क धुण्याच्या पाण्यात गेला आणि ते पाणी मीच बेसिनमध्ये ओतलं.

२५ जानेवारी
सरांना सांगितलं. कंपनीला तूच कळव, म्हणाले.

२७ जानेवारी
फोन केला. मणी रिकामे आहेत, सरळ सांगितलं. तिकडचे साहेब म्हणाले, ‘मॅडम, बाटलीत छान दिसतात. रिकामेच चालतील.’ बाटलीवर डाळिंबाचं नाव राहणार का, विचारलं. राहणार. एक एप्रिलपासून या, म्हणाले.
लाज वाटली. हो म्हटलं.