ठमाबाईंची नखं आणि माझी खुर्ची

४ मार्च, मंगळवार. सकाळ.

खुर्चीवर प्रेम करणाऱ्या तमाम बंधूंनो! आपण हौसेने खुर्चीला नवं कापड चढवायचं, आणि वीतभर मांजरीने एका दुपारीत त्याच्या दशा काढायच्या! हा अन्याय आपण कुठवर सोसायचा?

(ही रोजनिशी फक्त माझ्यासाठी. बंधू वगैरे कोणी वाचणार नाही. पण उभी हयात व्यासपीठावर गेली. हाताला सवय.)

वस्तुस्थिती अशी. पिल्लू बेकरीवाल्या बाईंचं. परवा बायकोने मला न विचारता उचलून आणलं. मुलगी नोकरीसाठी परगावी गेल्यापासून घर खायला उठतं म्हणे. मी म्हटलं, मी आहे की घरात. ती म्हणाली, आहात हो, पण तुमच्याशी बोलता कुठे येतं, तुम्हाला ऐकावं लागतं.

पिल्लाचं नाव तिने ठमाबाई ठेवलं आहे. बाई! मूठभर जिवाला बाई!

दुपार.

जाहीर केलं. सोळा तारखेला, रविवारी, वाचनालयात माझं व्याख्यान आहे. विषय, स्वयंशिस्त. ज्याच्या घरात शिस्त नाही त्याने त्यावर कोणत्या तोंडाने बोलावं? तेव्हा त्या रविवारपर्यंत ओरबाडणं थांबलं नाही तर पिल्लू बेकरीत परत. बायको शांतपणे म्हणाली, बरं. आणि ती गेली, तर तुमच्या तालमीला मला बसवायचं नाही. कायमचं.

हे ब्लॅकमेल आहे. आमच्या घरची रीत अशी की प्रत्येक भाषणाची तालीम आधी हॉलमध्ये होते. वाचनालयाने मोडीत काढलेलं एक जड लाकडी पोडियम मी घरी आणलं आहे. त्याला पुढून तागाचं जाड कापड आहे. मी पोडियममागे, समोर खुर्चीत बायको. लग्नापासून चालत आलेली रीत. ती मोडण्याची धमकी! तीही मांजरीपायी!

५ मार्च, बुधवार.

कामाला लागलो. मारहाण, आरडाओरडा मला मान्य नाही. प्राणी झाला तरी त्याच्या विवेकाला आवाहन करता येतं. तिने खुर्चीला नख लावलं की हातातलं काम टाकून मी पोडियमपाशी जातो आणि तिला मालमत्ता, श्रम आणि मर्यादा या विषयांवर समजावून सांगतो.

परिणाम विलक्षण. शेपूट पायांभोवती गुंडाळून बसते. पापणी हलत नाही. या घरात इतकं मन लावून मला कोणी ऐकलेलं नाही. भाषण संपलं की उठते आणि पुन्हा खुर्ची ओरबाडते. काही मुद्दे नीट समजले नसावेत. पुन्हा सांगितले.

६ मार्च, गुरुवार.

ओरबाडणं वाढलं. आता आधी माझ्याकडे बघते, मग ओरबाडते. डोळ्याला डोळा भिडवून! हा उघड उघड उद्दामपणा आहे.

बाजारातून ओरबाडायचा खांब आणला. दिसायला भिकार, म्हणून चपलांच्या कपाटामागे ठेवला. अशा गोष्टी चारचौघांत शोभत नाहीत. तिने एक पंजा मारला आणि खांब तिच्याच अंगावर पडला. तेव्हापासून ती त्या कोपऱ्याला वळसा घालते.

बायको म्हणाली, अहो, तिथे कोण जाईल? तुम्ही कराल का चपलांसमोर भाषण?

वाद वाढवण्यात अर्थ नव्हता.

८ मार्च, शनिवार.

प्रबोधनाचा काळ संपला. आता संघर्ष.

सकाळी पाण्याचा स्प्रे. नेम चांगला होता, पण पिल्लू हललं. भाषणाची टिपणं भिजली. ‘आत्मसंयम’ हे पान आता वाचता येत नाही.

दुपारी खुर्चीला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली. पंजाला चिकटलं की मांजर खुर्चीचा नाद सोडतं, असं ऐकलं होतं.

संध्याकाळी टेप लावल्याचं विसरून बसलो.

सविस्तर लिहिण्याची गरज नाही. बायको एका हाताने पॅंट सोडवत होती, दुसऱ्या हातात फोन. पलीकडून मुलगी ओरडत होती, आई, बाबांना म्हणावं हलू नका, आधी फोटो काढ! हे संस्कार. मी केलेले.

पिल्लू खुर्चीच्या मागच्या बाजूला गेलं. तिथे मी टेप लावली नव्हती.

१० मार्च, सोमवार.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे. आमच्या मुलीच्या वयाच्या. मी थेट मागणी केली, नखंच काढून टाका. त्या माझ्यावर कडाडल्या. म्हणाल्या, काका, नखं काढायची म्हणजे बोटाचं शेवटचं हाड कापायचं. तुमचं कापू? मग म्हणाल्या, ओरबाडणं हा खोडसाळपणा नाही. नखावरची जुनी साल त्याने निघते, झोपून उठल्यावर अंग ताणलं जातं, आणि पंजाचा वास मागे राहतो, म्हणजे ही जागा माझी. घरची माणसं बसतात तिथेच तिला हे हवं असतं. तिला द्यायचं ते खडबडीत, न हलणारं, मागच्या पायांवर उभी राहून पुरती ताणली जाईल इतकं उंच हवं, आणि खुर्चीच्या शेजारी. तिथे ओरबाडलं की लगेच शाबासकी.

इथवर ठीक. मग त्यांनी विचारलं, ती खुर्ची ओरबाडते तेव्हा तुम्ही काय करता?

मी अभिमानाने सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, म्हणजे खुर्चीला नख लावलं की घरातला मोठा माणूस हातातलं काम टाकून येतो आणि अर्धा तास फक्त तिच्याशी बोलतो?

बायको म्हणाली, अर्धा कुठला, परवा चहा दोनदा गरम केला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मग ती कशाला थांबेल, काका? तुम्हीच तिचं बक्षीस आहात.

ज्याच्या शब्दावर सभागृहं पेटून उठली, त्याची ही किंमत! खाऊच्या तुकड्याबरोबर तुलना! त्यांनी नखांची फक्त टोकं कापून दिली. येताना बायको रस्ताभर हसत होती. मी दुसऱ्या बाजूने चाललो.

१२ मार्च, बुधवार.

मौन धरलं आहे. डॉक्टरीणबाईंचं ऐकून नव्हे. घसा बसू नये म्हणून.

दुपारच्या चहापर्यंत मौन उत्तम पाळलं. मग ती माझ्याच पायावर चढली. पायाला नख लागल्यावर बोलणं हा मौनभंग नाही, स्वसंरक्षण आहे. ते जरा लांबलं, इतकंच.

१४ मार्च, शुक्रवार.

खुर्चीची पाठ गेली. आतला स्पंज दिसतो. बस्स! दया संपली. रविवारी व्याख्यानाला जाता जाता पिल्लू बेकरीत सोडायचं. माझा शब्द म्हणजे शब्द.

बायको भांडली नाही. माळ्यावरून टोपली काढली, तिच्यात स्वतःचा जुना स्वेटर अंथरला. संध्याकाळी तालमीला बोलावलं, तर म्हणाली, आजपासूनच सवय करा.

रिकाम्या खुर्चीसमोर तालीम केली. खुर्चीने एकदाही मान डोलावली नाही.

१६ मार्च, रविवार. सकाळ.

शेवटची तालीम. खुर्चीत टोपली, टोपलीत पिल्लू, झोपलेलं. उद्या नसणार हे तिला ठाऊक नाही. मी सुरुवात केली, मित्रहो, ज्याला स्वतःला आवरता येत नाही...

ती जागी झाली. जांभई दिली. टोपलीतून उतरली, सरळ पोडियमपाशी आली, मागच्या पायांवर उभी राहिली, रबरासारखी ताणली आणि तागाच्या कापडात दहाही नखं रुतवली. चर्रर्र. पोडियम तसूभर हललं नाही. काय सुख होतं तिच्या तोंडावर!

मी गरजण्यासाठी तोंड उघडलं. स्वयंपाकघराच्या दारात बायको, ओठांवर बोट.

मी तोंड मिटलं. का, ते सांगता येत नाही.

बायको हळूच म्हणाली, शाब्बास गं ठमाबाई, आणि तिला खाऊ दिला. मग तिने टोपली उचलून माळ्यावर टाकली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, हं, चालू द्या तुमचं.

चालू दिलं. पण मी आवाज चढवला की ठमाबाई पोडियमला भिडायची आणि ती भिडली की गप्प राहायचं, असा बायकोचा नियम. त्या भीतीने आवाज चढणारी सगळी वाक्यं गाळली.

संध्याकाळ.

तेच भाषण वाचनालयात झालं. लवकर संपलं. टाळ्या नेहमीपेक्षा जास्त. अध्यक्ष आभार मानताना म्हणाले, आज प्रथमच वाटलं, अजून थोडं बोलायला हवं होतं. या ‘प्रथमच’चा हिशेब मी नंतर चुकता करणार आहे.

बेकरी वाटेतच लागते. रविवारी बंद असते, असं मी बायकोला सांगितलं. बेकरीवाल्या बाईंनी काउंटरवरून हात केला, तो मी पाहिला नाही.

१८ मार्च, मंगळवार.

पोडियमला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळली. मी गुंडाळत होतो, बायकोने टोक धरलं होतं. पोडियम आता खुर्चीला खेटून उभं आहे. ही माघार नव्हे. पोडियम माझंच आहे. फक्त मला त्यावर कागद ठेवता येत नाहीत, कारण वर ठमाबाई झोपतात. खुर्चीही माझीच आहे. फक्त तिच्यात बायको बसते. मी स्टुलावर. तालीम बसूनच करतो, हळू आवाजात. दोघी ऐकतात.

तेव्हा ठमाबाई, माझी आपल्याला एकच कळकळीची विनंती. उद्या सकाळी उठलात, अंग ताणावंसं वाटलं, की पोडियमच ओरबाडा. स्टुलाकडे बघू नका. घरात बसायला माझ्याकडे आता तेवढंच उरलं आहे.